'मंतरलेला किल्ला' : एका छापचित्राच्या नांवाची चिकित्सा

जुन्या कागदपत्रांच्या संग्राहकांस तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेलीं विलायती चित्रें अधूनमधून हातीं लागतात. रुमालांत बांधलेल्या कागदांशीं त्यांचा मेळ बसत नाहीं, म्हणून तीं बहुधा बाजूस पडतात. किंवा चौकटींत बसवून भिंतीवर टांगलीं जातात व त्या खटपटींत त्यांचे समास कापले जातात. पोथी बांधणाऱ्यानें पानांच्या कडा छाटतांना टीपा उडवाव्या त्यांतलाच हा प्रकार होय. अशा चित्राच्या खालच्या समासांत पोथीच्या पुष्पिकेप्रमाणें कर्त्याचें, कोरणाऱ्याचें व प्रसिद्ध करणाऱ्याचें नांव असतें, मिति असते, आणि पुष्कळदां चित्राचें नांवही असतें. हें लेखन कोणाचें, कोणत्या काळचें व कोणत्या कारणानें झालेलें, याचा विचार न करितां तें सर्व मूळ चित्रकाराच्या पदरीं बांधलें म्हणजे कसा घोटाळा होतो, हें एका प्रसिद्ध उदाहरणावरून दाखविण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

उदाहरण आहे तें इ. स. १७८२ मध्यें लंडन येथें निघालेल्या 'एन्चांटेड कॅसल', म्हणजे 'मंतरलेला किल्ला', या नांवाच्या छापचित्राचें. फ्रान्स्वा विव्हारेस व विल्यम वूलेट या दोघांनीं तें कोरिलें. विव्हारेस हा दक्षिण फ्रान्समधला, लंडनास येऊन स्थायिक झालेला, निसर्गदृश्यें कोरण्यांत नांवाजलेला कारागीर. त्याच्या हातून सुरू झालेलें हें काम तो १७८० सालीं वारल्यामुळें अपुरें राहिलें. तें वूलेट यानें पुरें केलें, आणि विव्हारेसच्या विधवेनें, सुझाना विव्हारेस हिनें, तें प्रसिद्ध केलें. मूळ चित्र यापूर्वीं ११८ वर्षें, इ. स. १६६४ मध्यें, रोम येथें क्लॉद जेली यानें तैलरंगांत काढिलें होतें. हा लॉरेन प्रांताचा रहिवासी, म्हणून त्यास क्लॉद लोरें असें म्हणतात. तो १६८२ च्या नोव्हेंबरांत मरण पावला. म्हणजे छापचित्र बाहेर पडलें तेव्हां चित्रकारास जाऊन शंभर वर्षें होत आलीं होतीं.

प्रथम मूळ चित्र पाहूं. समुद्रकांठीं खडकावर एक भव्य इमारत उभी आहे. तिचा कांहीं भाग स्तंभयुक्त राजवाड्यासारखा, कांहीं भाग गोल बुरुजांच्या दुर्गासारखा. असली इमारत रोमन काळांत कोठेंही नव्हती, ती क्लॉदनें मनानें रचिली आहे. प्रकाश मागून येत असल्यामुळें इमारतीची आपल्याकडील बाजू निळसर करड्या छायेंत आहे आणि पलीकडे समुद्र व आकाश उजळलें आहे. पुढच्या भागांत एक स्त्री एकटीच, हातावर डोकें टेकून, जमिनीवर बसली आहे. पट सुमारें ८७ सेंटिमीटर उंच व १५१ सेंटिमीटर रुंद आहे. एवढ्या विस्तारांत ती स्त्री फारच लहान दिसते. हें चित्र १९८१ सालीं लंडनच्या नॅशनल गॅलरीनें विकत घेतलें, व तेथें तें 'क्यूपिडच्या राजवाड्याबाहेर सायकी' अशा आशयाच्या नांवाखालीं लाविलें आहे. 'मंतरलेला किल्ला' हें नांव तेथें पर्यायी म्हणून राहिलें आहे. दोन नांवांतलें अंतर पुढें कळेल. त्यापूर्वीं सायकीची कथा थोडक्यांत सांगणें अवश्य आहे.

ही कथा ॲप्यूलियस या दुसऱ्या शतकांतील लॅटिन ग्रंथकाराच्या 'सोनेरी गाढव' या ग्रंथांत येते. एका राजास तीन मुली होत्या. धाकटी सायकी इतकी सुंदर कीं लोक व्हीनस देवीची पूजा सोडून तिच्या दर्शनास जाऊं लागले. देवी कोपली, व सायकीचें लग्न जुळेना. बापानें देवाचा कौल मागितला, तेव्हां मुलीस डोंगराच्या कड्यावर नेऊन सोडावें, तेथें एक भयंकर प्राणी तिला वरील, असा कौल झाला. कड्यावरून झेफिर या पश्चिम वाऱ्यानें तिला अलगद उचलून खालच्या खोऱ्यांत ठेविलें. तेथें झरा, राई आणि एक अद्भुत राजवाडा होता. त्यांत माणूस दिसत नसे. केवळ शब्द ऐकूं येत व अदृश्य हात सेवा करीत. रात्रीं पति येई, पण त्याचें मुख पाहावयाचें नाहीं अशी आज्ञा होती. बहिणींच्या चिथावणीनें तिनें दिवा लावून पाहिलें, तों तो स्वतः क्यूपिड निघाला. दिव्याचें तेल त्याच्या अंगावर पडून तो जागा झाला व तिला सोडून गेला. तिनें पाण्यांत जीव देण्याचा यत्न केला, परंतु ती वांचली. व पुढें पुष्कळ कष्ट सोसल्यावर दोघांचा पुन्हां संयोग झाला.

क्लॉदनें हें चित्र लोरेन्झो ओनोफ्रिओ कोलोना या रोमन सरदारासाठीं काढिलें. आपणांस ही माहिती चित्रकाराच्या स्वतःच्या दप्तरांतून मिळते, आणि तें दप्तर आमच्या वाचकांस विशेष आवडेल असें आहे. इ. स. १६३५ च्या सुमारापासून क्लॉद आपल्या हातून बाहेर जाणाऱ्या चित्रांची प्रतिकृति लेखणीनें व पातळ शाईनें एका वहींत उतरवून ठेवीत असे. वहीचे कागद कांहीं पांढरे व कांहीं निळे आहेत. आकृतीच्या पाठीमागें चित्र कोणासाठीं केलें तें तो लिही. त्याचें शिक्षण बेताचें असल्यामुळें ही टिपणें फ्रेंच व इटालियन यांच्या खिचडींत, शुद्धलेखनाची पर्वा न करितां लिहिलेलीं आहेत, आणि मोडी वाचणाऱ्यास जसा सराव लागतो तसा तीं वाचण्यासही लागतो. वहीच्या उगमाविषयीं बाल्डिनुच्ची या समकालीन चरित्रकारानें असें लिहिलें आहे कीं, क्लॉदची कीर्ति झाल्यावर इतरांनीं त्याच्या धर्तीचीं चित्रें त्याच्या नांवावर विकण्यास आरंभ केला, त्यास आळा बसावा म्हणून त्यानें ही वही धरिली. चित्र घेऊन कोणी विचारावयास आला म्हणजे तो वही काढून दाखवी. या वहींत जवळजवळ दोनशें आकृति आहेत. चित्रकाराच्या वारसांकडून ती पुढें फ्रान्समार्गें इंग्लंडांत गेली, डेव्हनशायरच्या ड्यूकांच्या घराण्यांत दोनशें वर्षांहून अधिक राहिली, व १९५७ सालापासून ब्रिटिश म्यूझियममध्यें आहे. आपल्या चित्राची आकृति तींत १६२ क्रमांकाची आहे.

चित्राचा कर्ता, काल व यजमान यांविषयीं याहून बळकट पुरावा मागण्याची सोय नाहीं. परंतु ही वही बहुतेक ठिकाणीं चित्राच्या नांवाविषयीं मुग्ध आहे. क्लॉदला चित्रास नांव देण्याची गरज नव्हती. यजमानास विषय ठाऊक असे, कित्येकदां त्यानेंच तो सुचविलेला असे. विकण्यासाठीं शेंकडों प्रति काढणाऱ्यास मात्र नांवाची गरज पडते, कारण त्याचा गिऱ्हाईक अनोळखी असतो. 'मंतरलेला किल्ला' हें नांव पहिल्यानें आढळतें तें १७८२ च्या छापचित्राबरोबरच. त्या वहीचें 'लिबर व्हेरिटाटिस', म्हणजे 'सत्याची वही', हें लॅटिन नांवही असेंच, छापील आवृत्तीमुळें रूढ झालेलें आहे, हें जातां जातां सांगून ठेवितों.

आतां छापचित्र कसें होतें तें पाहिलें पाहिजे, कारण नांवापलीकडेही त्यांत मूळाहून वेगळें कांहीं शिरतें. ताम्रपट म्हटला कीं आपल्याकडे दानपत्र डोळ्यांपुढें येतें. तेथें कोरलेला पत्रा हाच अंतिम लेख. येथें पत्रा हा सांचा आहे. पत्र्यावर मेणाचा पातळ थर देऊन सुईनें त्यांत रेघा ओढितात, मग पत्रा तेजाबांत ठेवितात. उघड्या पडलेल्या रेघांतून तेजाब तांबें खातो. ज्या रेघा फिक्या हव्यात त्या लवकर झांकून टाकावयाच्या, ज्या गडद हव्यात त्या पुन्हां पुन्हां खाऊं द्यावयाच्या. त्यानंतर पोलादी कोरणीनें हातानें काम पुरें करितात. रेघांत शाई भरून वरचा पत्रा पुसून घेतात, आणि ओलसर कागद त्यावर ठेवून दोन रुळांमधून दाबून काढितात. कागदावर पत्र्याच्या कडांचा खोलगट ठसा उमटतो. अस्सल ताम्रमुद्रेची ती पहिली खूण. पत्र्यावर जें उजवीकडे असेल तें कागदावर डावीकडे येतें, म्हणून कारागिरास आरशांत पाहून किंवा उलट रेखन करून काम करावें लागतें. ज्यानें हा त्रास घेतला नाहीं त्याच्या छापचित्रांत सूर्य पश्चिमेऐवजीं पूर्वेस जातो. क्लॉदच्या बाबतींत, जेथें सकाळ कीं संध्याकाळ यावरच चित्राचा भाव अवलंबून असतो, ही किरकोळ गोष्ट नव्हे.

रंगाचें काय होतें, हा दुसरा प्रश्न. क्लॉदची सगळी थोरवी हवेच्या रंगांत आहे: दूरचा डोंगर जवळच्या झाडापेक्षां निळा कां दिसतो, मावळता प्रकाश पाण्यावर कसा पसरतो, हें त्यानें दाखविलें. कोरणाऱ्यापाशीं रंग एकच, काळी शाई. त्याच्या हातीं उरतें तें रेघांची जाडी, अंतर व दिशा. वूलेटची हातोटी ही कीं पुढचीं झाडें व खडक तो तेजाबानें खोलवर खाऊं देई व आकाश कोरणीच्या अत्यंत बारीक रेघांनीं सोडी, त्यामुळें एकाच शाईंत कोळशापासून धुक्यापर्यंतच्या छटा येत. परंतु या युक्तीमुळें गडद भाग मूळाहून गडद होतो. मूळांत जी इमारत निळसर, अर्धवट विरघळलेली, ती छापांत काळीकभिन्न व धमकावणारी होण्याकडे कल असतो. अशा छापाखालीं 'मंतरलेला किल्ला' हीं अक्षरें वाचणाऱ्यास तीं शोभतात. तैलचित्रापुढें उभ्या राहिलेल्या माणसास तें नांव सुचलें असतें असें आम्हांस वाटत नाहीं.

वूलेटविषयीं थोडेंसें. तो १७३५ सालीं मेडस्टन येथें जन्मला व १७८५ सालीं वारला. म्हणजे प्रस्तुत पत्रा त्याच्या शेवटच्या वर्षांतला आहे. १७६१ मध्यें रिचर्ड विल्सन याच्या 'नायोबीच्या मुलांचा संहार' या निसर्गदृश्याचें त्यानें कोरलेलें छापचित्र जॉन बॉयडेल या व्यापाऱ्यानें काढिलें, आणि त्यावर बॉयडेलनें सुमारें दोन हजार पौंड मिळविले असें सांगतात. एखादा मोठा पत्रा पुरा झाला म्हणजे वूलेट घराच्या छपरावरून तोफ डागीत असे अशी आख्यायिका आहे. तिची सत्यता कांहींही असो, या धंद्यांत तेव्हां केवढा पैसा व केवढा मान होता हें तिच्यावरून दिसतें.

पैसा होता म्हणून चोरी होती, व चोरी होती म्हणून कायदा झाला. समासांतील मितीचें मूळ या कायद्यांत आहे. १७३५ सालीं पार्लमेंटनें केलेल्या कायद्यानें छापचित्राच्या मालकास प्रसिद्धीच्या दिवसापासून चौदा वर्षें हक्क दिला. अट ही कीं मालकाचें नांव व प्रसिद्धीची तारीख पत्र्यावरच कोरलेली असावी. हा कायदा स्वतः कल्पिलेल्या चित्रांपुरताच होता. १७६७ च्या आरंभापासून अमलांत आलेल्या दुसऱ्या कायद्यानें दुसऱ्याच्या चित्रावरून कोरलेलीं छापचित्रेंही त्यांत आलीं, व मुदत अठ्ठावीस वर्षें झाली. म्हणून १७८२ च्या पत्र्यावरील तारीख ही मूळ चित्राची नसून हक्काची आहे. नांवांपुढील लॅटिन शब्दही याच दृष्टीनें वाचावे. 'पिन्क्सिट' म्हणजे रंगविलें, 'डेलिनिआव्हिट' म्हणजे रेखिलें, 'स्कल्प्सिट' म्हणजे कोरिलें, 'एक्सकुडिट' म्हणजे प्रसिद्ध केलें. रेखणारा व रंगविणारा निराळे असतील तर कोरणाऱ्यानें मूळ चित्र पाहिलेंच नसण्याचा, मधल्या रेखनावरूनच काम केल्याचा, संभव असतो.

तारखेविषयीं आणखी एक सावधगिरी. पत्रा पन्नास वर्षांनींही छापतां येतो, आणि त्यावरील तारीख तीच राहते. पहिले छाप तेजस्वी, मागाहूनचे झिजलेले व करडे. इंग्लंडांत १७९४ पासून कागदाच्या जलचिन्हांत साल घालण्याची चाल पडली. कंपनी अमदानीचे कागद हाताळणाऱ्यांस हीं चिन्हें परिचित असतीलच. पत्र्यावर १७८२ आणि कागदांत १८१० असें आढळलें तर छाप मागाहूनचा, हें उजेडाकडे कागद धरतांच ठरतें. चौकटीच्या मागें डिंकानें चिकटविलेल्या कागदाची मात्र ही परीक्षा होऊं शकत नाहीं.

नांवाकडे वळूं. त्याचा प्रभाव किती झाला याचें उत्तम उदाहरण म्हणजे इंग्रज कवि जॉन कीट्स. त्यानें २५ मार्च १८१८ रोजीं रेनल्ड्स या मित्रास पाठविलेल्या पद्यमय पत्रांत क्लॉदच्या या किल्ल्याचें वर्णन केलें आहे. त्यांत क्लॉदच्या पटावर नसलेल्या पुष्कळ अद्भुत गोष्टी आहेत. कीट्सच्या डोळ्यांपुढें छापचित्र असावें असें अभ्यासक मानतात, व तेंच सयुक्तिक दिसतें; तैलचित्र खाजगी मालकाच्या भिंतीवर, छाप कोणाच्याही घरीं. किल्ला मंतरलेला असें एकदां कळल्यावर कवीनें त्यांत मांत्रिक, शाप व रहस्यें भरलीं यांत नवल नाहीं. नांव सर्वस्वी निराधार होतें असेंही नव्हे. अदृश्य सेवकांचा राजवाडा कथेंत आहे. परंतु त्या नांवानें वस्तूचें केंद्र हललें. ॲप्यूलियसच्या कथेंत दुःख सायकीचें, राजवाडा हें निमित्त. छापचित्राच्या नांवांत राजवाडा मुख्य, व ती स्त्री कोणी वाटसरू.

याचा परिणाम विद्वानांच्या वादापर्यंत पोंचतो. चित्रांतील क्षण कोणता? झेफिरनें खालीं ठेविल्यावर सायकी प्रथमच राजवाडा पाहत आहे, कीं क्यूपिड सोडून गेल्यावर ती बाहेर शोक करीत बसली आहे? दोन्ही पक्षांस समर्थक आहेत. पहिला पक्ष घेतला तर चित्रांत आश्चर्य आहे, दुसरा घेतला तर वियोग. कोलोनासाठींच क्लॉदनें थोड्याच काळानें, १६६६ च्या सुमारास, जीव देऊं पाहणाऱ्या सायकीस वांचविल्याचें दृश्य काढिलें. तें आतां जर्मनींत कोलोन येथील संग्रहालयांत आहे, व वहींत त्याचा क्रमांक १६७ आहे. दोन चित्रें जोडीचीं धरलीं तर पहिल्यांत आगमन व दुसऱ्यांत निराशा असा विरोध योजिला असेल, अथवा एकाच दुःखाचीं दोन पावलें असतील. आमचा कल दुसऱ्या मताकडे आहे. हातावर टेकलेलें डोकें ही युरोपीय चित्रकलेंत खिन्नतेची फार जुनी खूण आहे, आणि ती राजवाड्याकडे कुतूहलानें पाहणाऱ्या स्त्रीस साजत नाहीं. निकाल कसाही लागो, 'मंतरलेला' या शब्दाचा पुरावा म्हणून उपयोग करून पहिल्या पक्षास बळकटी आणणें गैर आहे, कारण तो शब्द क्लॉदच्या मृत्यूनंतर शंभर वर्षांनीं लंडनच्या बाजारांत जन्मला.

हस्तलिखितांची चिकित्सा करणाऱ्यांस येथें एक सोय आहे. क्लॉदच्या त्या वहीचीं छापचित्रें रिचर्ड अर्लम यानें तयार केलीं व बॉयडेलनें १७७७ सालीं दोन भागांत दोनशें पानें प्रसिद्ध केलीं. तिसरा भाग १८१९ सालीं निघाला, पण त्यांतील शंभर आकृति इतर संग्रहांतल्या आहेत. अर्लमनें लेखणीच्या रेघांसाठीं तेजाबाची रेघ व शाईच्या छायेसाठीं पत्रा खरवडून केलेली मऊ छटा वापरिली, आणि छाप तपकिरी शाईंत काढिले. म्हणजे एकाच मूळापासून दोन शाखा निघाल्या: एक तैलचित्र, त्यावरून विव्हारेस व वूलेट यांचा पत्रा, दुसरी क्लॉदच्याच हातची वहींतील आकृति, तीवरून अर्लमचा पत्रा. ज्या तपशिलांत दोन्ही शाखा जुळतात तो मूळचा. जेथें त्या भिन्न होतात तेथें कोणत्या कारागिरानें हात फिरविला तें शोधावें. दिशेचा, म्हणजे उजव्याडाव्याचा, प्रश्नही याच तुलनेनें सुटतो. पोथ्यांच्या शाखा लावणाऱ्यास ही रीत नवी नाहीं, पण चित्रांस ती लावण्याचें आपणांकडे फारसें कोणी मनावर घेत नाहीं.

आणि ती लावण्यासारखें साहित्य आपल्या प्रांतांतलेंही आहे. वूलेटनें ज्याचें 'नायोबी' कोरिलें त्या विल्सनचा शिष्य विल्यम हॉजेस १७८० सालीं हिंदुस्थानांत आला व १७८३ पर्यंत येथें होता. पुढें गडद अग्रभाग, मध्यें इमारत व पलीकडे उजळ दूरचा पट्टा ही क्लॉदपासून आलेली मांडणी त्यानें येथील किल्ल्यांस व देवळांस लाविली. त्याच्या मागोमाग टॉमस डॅनियल आला. जेम्स वेल्स हा चित्रकार १७९१ सालीं मुंबईस व नंतर पुण्यास आला. सवाई माधवराव व नाना फडणीस यांच्या त्यानें काढलेल्या चित्रामुळें तो आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. तो १७९५ सालीं वारला. त्यानें वेरूळच्या लेण्यांचीं काढलेलीं रेखनें डॅनियलच्या देखरेखीखालीं कोरलीं जाऊन चोवीस दृश्यांचा संच १८०३ सालीं लंडनास प्रसिद्ध झाला. रेखणारा एक, कोरविणारा दुसरा, मध्यें आठ वर्षें, आणि रेखणारा हयात नाहीं. विव्हारेसच्या पत्र्यापेक्षां ही परिस्थिति फारशी निराळी नाहीं. त्या दृश्यांवरून वेरूळचा अमुक खांब १७९० च्या दशकांत अमुक स्थितींत होता असें अनुमान काढणाऱ्यानें तो भाग वेल्सच्या डोळ्यांनीं पाहिलेला आहे कीं कोरणाऱ्याच्या सवयीनें भरलेला आहे, हें आधीं ठरविलें पाहिजे. या संचांतील सुटीं पानें ज्यांच्या संग्रहीं असतील त्यांनीं समास न कापतां, पत्र्याच्या ठशाचें माप, समासांतील सर्व अक्षरें व कागदांतील जलचिन्ह यांची नोंद करून ठेविल्यास ती पुढील तुलनेस उपयोगी पडेल.